फ्रिजमधला दिवा

शुक्रवारी दुपारी कणीक फुगून
पातेल्याच्या काठावरून डोकावते
तेव्हा आमच्या घरी शाळा भरते.

तिर्झा सात वर्षांची. तिला वेणी येते,
स्वतःच्या केसांची नाही, कणकेची.
डावा पेड मधल्यावरून, मग उजवा,
जीभ दातांत धरून घालते,
शेवटचं टोक खाली दुमडते
आणि पावाला सांगते, झोप आता.

आमोस चारचा. त्याच्या वाट्याला
गोळ्यातून तोडलेला चिमूटभर तुकडा,
जो खायचा नसतो, जाळायचा असतो.
का, विचारतो दर आठवड्याला.
दर आठवड्याला मी निराळं उत्तर देते.
आज म्हटलं, हातात आलेलं सगळंच आपलं नसतं म्हणून.
त्याने तुकड्याकडे पाहिलं, मग वेणीकडे.
"मग तिची का नाही जाळत?"

पण त्याचं खरं काम शेवटी असतं,
आंघोळ झाल्यावर, पांढरा सदरा घातल्यावर.
फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो,
आणि शब्बाथला आपण दिवा लावत नाही, विझवत नाही.
म्हणून चौकटीतल्या बारक्या बटणावर
चिकटपट्टी दाबून बसवायची.
एवढ्या खाली वाकायला घरात तोच सोयीचा.
बेनो त्याला दिवाबत्तीवाला म्हणतो.

त्याने पट्टी कापली. मी पाहिलं.
मग कठड्यावर सीगल उतरला,
पिवळी चोच, उद्धट डोळे,
आणि पट्टीचं पुढे काय झालं
ते कुणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी मी मेणबत्त्या लावल्या,
डोळ्यांवर हात घेतले.
माझ्या बोटांच्या फटीतून तो दिसला,
त्याच्या बोटांच्या फटीतून मी त्याला.

शनिवारी सकाळी बेनोचा हात
फ्रिजच्या मुठीपाशी थबकला.
"आमोस, पट्टी लावलीस ना?"
उत्तर नाही. तेवढ्यात फ्रिजचीही घरघर थांबली.

आत मासा, बटाटे, बीट, दूध, ताक,
दिवसभराचं सगळं जेवण.
बाहेर आम्ही चौघं, पाव, जाम
आणि टेबलाखाली दोन अनवाणी पावलं.
तिर्झा म्हणाली, मी सांगितलं होतं.
तिने सांगितलं नव्हतं.

दहाच्या सुमारास खालच्या मजल्यावरची राग्नहिल्ड
बेदाण्याएवढ्या लाल बोरांची बादली घेऊन वर आली.
अकरा वर्षांची शेजारीण. तिला, हे काढून दे,
असं म्हणता येत नाही. हवापाण्याचं बोलता येतं.
"ऑगस्ट सरला तरी उकडतंय," मी म्हटलं,
"आणि मासा बिचारा आत, आम्ही बाहेर."
तिने माझ्याकडे पाहिलं. फ्रिजकडे. मग पावलांकडे.
"मला बाई दूध प्यावंसं वाटतंय," म्हणाली,
आणि स्वतःच्याच घरात असल्यासारखं
एकेक भांडं काढून टेबलावर मांडलं.
उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर पडला होता.
टेबलाखालून एक डोकं बाहेर आलं.
"केवढुसा आहे दिवा," आमोस म्हणाला.
दूध तिने खरंच प्यायलं, उभ्याउभ्या, पेला भरून.

रात्री गॅलरीत तारे मोजायचे. तीन झाले की संपलं.
ट्रॉन्डहाइमच्या आभाळाला या दिवसांत घाई नसते.
पहिला तारा विमान निघाला.
दुसरा नदीपलीकडचा क्रेनवरचा दिवा.
तिर्झा काटेकोर, तिने एकही उधार धरला नाही.
दहाच्या पुढे केव्हातरी तिसरा मिळाला
तेव्हा आमोस बेनोच्या खांद्यावर पेंगत होता.

पिळाची मेणबत्ती पेटवली.
तिर्झाने लवंगा टोचलेलं संत्रं फिरवलं,
सगळ्यांनी खोल वास घेतला,
मग बोटं वाकवून ज्योतीसमोर नखं धरली.
तिच्या नखात अजून शुक्रवारची कणीक.
त्याने हात लांबवला तसं कोपराशी काही चकाकलं.

चिकटपट्टी. दीड दिवस तिथेच,
सदऱ्याच्या बाहीवर, झोपेतसुद्धा न निघालेली.
बेनो इतका हसला की मेणबत्ती हलली.
मी काढायला हात नेला.

"राहू दे," आमोस म्हणाला. "पुढच्या शुक्रवारची आहे."
आणि ते कोपर जपून वर धरून झोपायला गेला,
त्यावर काहीतरी पेटलेलं असावं तसं.